जुन्या गोल्फ कोर्सची पारख: रचना कशी वाचायची, फेररचना कशी जोखायची

नामवंत जुन्या कोर्सवर खेळून आलेल्या माणसाला विचारा, कसा होता? उत्तर बहुधा दोनपैकी एक येतं. ‘काय देखणा आहे!’ नाहीतर ‘घाम फोडला!’ देखणेपणाचं श्रेय निम्मं तरी समुद्राला, टेकड्यांना आणि गवत राखणाऱ्या मंडळींना जातं. कठीणपणा तर कुठल्याही कोर्सला आणता येतो: फेअरवे अरुंद करा, रफ वाढवा, झालं. रचनाकाराची खरी करामत कळते ती एकाच गोष्टीतून. टीवर उभ्या असलेल्या खेळाडूपुढे किती वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेची किंमत काय? फेररचनेचा हिशेबही याच प्रश्नाने करायचा. काम झाल्यावर वाटा वाढल्या की कमी झाल्या, एवढं आधी पाहा.

टी, फेअरवे, ग्रीन, बंकर आणि रफ कशाला म्हणतात एवढं ठाऊक असेल तर पुढचं सगळं जमेल. उत्तम खेळता आलं पाहिजे अशी अट नाही. उलट फार चांगले खेळाडू कोर्सकडे स्वतःच्या फटक्यांच्या चष्म्यातून पाहतात, असं माझं मत आहे.

‘क्लासिक’ म्हणजे इथे दोन प्रकारचे कोर्स. एक, स्कॉटलंडमधले समुद्रकाठचे लिंक्स. ते कुणा एकाने आखलेले नाहीत, वर्षानुवर्षं घडत गेले. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हा त्यांचा मुकुटमणी. दुसरे, साधारण १९१० पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपर्यंत बांधलेले ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले कोर्स. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड, डोनाल्ड रॉस, अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी, टिलिंगहास्ट, हॅरी कोल्ट आणि जॉर्ज थॉमस ही त्या काळातली मोठी नावं.

पायरी १: ग्रीनवरून उलटे चालत या

होल टीकडून ग्रीनकडे खेळतात, पण वाचायचा मात्र ग्रीनकडून टीकडे. ग्रीनवर उभे राहा आणि फेअरवेकडे तोंड करा. ग्रीनचं तोंड कुठल्या बाजूला उघडं आहे? उतार कुठून कुठे जातो? बंकर कुठली बाजू झाकतो? मग दीडशे यार्ड मागे जा आणि फेअरवेच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवे चाला. एका विशिष्ट जागेवरून ग्रीन तुम्हाला ‘ये’ म्हणेल, दुसरीकडून तोंड फिरवेल. ती सोयीची जागा सापडली की पुढचा प्रश्न: टीवरून तिथे पोहोचायला काय धोका पत्करावा लागतो? धोका आणि सोय एकाच बाजूला असतील तर रचनाकाराने विचार केलेला आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर एकेक बंकर ठेवून दिला असेल, तर तिथे निवड काहीच नाही, फक्त शिक्षा आहे.

ओल्ड कोर्सचा सतरावा होल, म्हणजे रोड होल, याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. ग्रीन तिरकं आणि अरुंद. पुढे डावीकडे पोटात शिरलेला खोल बंकर, मागे रस्ता. दुसरा फटका सोपा हवा असेल तर पहिला उजवीकडे मारायला हवा, आणि उजवीकडे आहे कोर्सची हद्द आणि हॉटेल. घाबरून डावीकडे मारलात तर चेंडू सुखरूप राहतो, पण पुढे तो बंकर बरोबर वाटेत उभा राहतो. ज्याने आधी धीर दाखवला त्याला नंतर सूट मिळते.

दुसरा नमुना स्कॉटलंडमधल्याच नॉर्थ बेरिकचा पंधरावा होल, ‘रेडॅन’. पार तीनचा, म्हणजे चांगल्या खेळाडूने तीन फटक्यांत संपवावा असा, दोनशे यार्डांच्या आतला. ग्रीन तिरकं बसवलेलं: पुढचं टोक उजवीकडे, मागचं डावीकडे. उतार खेळाडूपासून दूर, डावीकडे घसरत जाणारा. डाव्या पुढच्या अंगाला खोल बंकर. झेंडा डावीकडे मागे असला की दोन वाटा उरतात. बंकरवरून थेट उंच फटका मारायचा, पण मग पळत्या उतारावर चेंडू थांबवायचा कसा? किंवा उजव्या खांद्यावर चेंडू टेकवायचा आणि बाकीचं काम उतारावर सोपवायचं. वारा फिरला, जमीन ओली झाली, की उत्तर बदलतं. मॅकडोनल्डना ही कल्पना एवढी आवडली की अमेरिकेतल्या नॅशनल गोल्फ लिंक्सचा चौथा होल त्यांनी याच साच्यावर बेतला. त्यानंतर रेडॅनची पिल्लं जगभर निघाली. अशी नक्कल भेटली तर एकच परीक्षा घ्या: चेंडू उजवीकडे टेकून खरंच डावीकडे घरंगळतो का? घरंगळत नसेल, कारण पाणी घालघालून जमीन मऊ केली आहे किंवा तो खांदा रफमध्ये गेला आहे, तर तिथे रेडॅनचं नुसतं नाव उरलं आहे.

पायरी २: रुंदी मोजा

नवख्यांना हे उलटं वाटतं, पण रुंद फेअरवे म्हणजे सोपा कोर्स नव्हे. वर सांगितलेली डावी-उजवी निवड जागा असेल तरच शक्य आहे. फेअरवे पंचवीस यार्डांवर आणला की सगळ्यांना एकच वाट उरते, मधली.

या अरुंदपणाचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे मिशिगनचा ओकलंड हिल्स. मूळ कोर्स रॉसचा. १९५१च्या यूएस ओपनसाठी, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, रचनाकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी तो नव्याने मांडला. तगड्या खेळाडूंचे चेंडू जिथे पडतात तिथे दोन्ही बाजूंनी बंकर आणून फेअरवेची कंबर आवळली. अख्ख्या स्पर्धेत पारच्या खाली फक्त दोन फेऱ्या झाल्या. त्यातली एक बेन होगनची शेवटच्या दिवसाची ६७, आणि तीवरच तो जिंकला. कोर्सला ‘राक्षस’ म्हणून कीर्ती मिळाली आणि इतर क्लबांनाही आपल्याकडे असाच एक राक्षस हवासा वाटू लागला. जुन्या कोर्सचं पुढच्या काळात जे नुकसान झालं त्याची एक मुळी इथे सापडते. गंमत म्हणजे त्याच ओकलंड हिल्सवर रचनाकार गिल हॅन्स यांनी २०२१ पर्यंत काम करून रॉसची रुंदी परत आणली.

आणि अरुंदपणाने दमदार खेळाडू अडतो म्हणावं, तर २०२०च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूटवर ब्रायसन डीशॅम्बोचे ५६ पैकी २३च टीशॉट फेअरवेत पडले. तरीही सहा अंडर पारने, म्हणजे पारपेक्षा सहा फटके कमी घेऊन, जिंकला तोच, आणि पारच्या खाली राहिलेला तो एकटाच. लांबवर मारून रफमधून छोटी काठी वापरायची, हे गणित त्याने सरळ मांडलं होतं.

पायरी ३: कुणी न ठरवता झालेले बदल ओळखा

कोर्स नेहमी आराखड्यानेच बदलतो असं नाही. बरेच बदल कुणी ठरवलेले नसतात. नवख्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

आधी झाडं. वाढदिवसाचं झाड, आठवणीचं झाड, दोन होल वेगळे दिसावेत म्हणून लावलेली रांग. लावताना रोपटं कंबरेएवढं असतं, चाळीस वर्षांनी त्याच्या फांद्या फेअरवेच्या एका बाजूवर छत धरतात आणि ती बाजू खेळातून बाद होते. सावलीत गवत मरतं ते वेगळंच. पेनसिल्व्हेनियातला ओकमाँट मुळात उघडाबोडका होता. मध्यंतरी त्याची बाग झाली, आणि १९९०च्या दशकापासून तिथली हजारो झाडं काढली गेली. सुरुवातीला तर सभासदांचा ओरडा टाळायला हे काम गुपचूप, दिवस उजाडायच्या आत उरकायचे. इनव्हर्नेस क्लबची कथा नेमकी उलटी. १९७९च्या यूएस ओपनमध्ये लॉन हिंकलने आठवा होल शेजारच्या सतराव्याच्या फेअरवेतून खेळून अंतर वाचवलं, तर आयोजकांनी रातोरात तिथे एक स्प्रूसचं झाड आणून उभं केलं. हिंकलने दुसऱ्या दिवशीही तीच वाट धरली! खेळाडूला सापडलेली वाट झाडाने बुजवायची ही सवय तिथे पुरती उघडी पडली.

दुसरं, कापणी. ग्रीन कापणारा माणूस कडेला जपून, बोटभर आतून वळतो. वर्षाला काही इंच म्हणजे काहीच नाही, पण पन्नास वर्षांत कोपरे गळून पडतात आणि वेड्यावाकड्या ग्रीनची भाकरीसारखी गोल चकती होते. नेमके तेच कोपरे झेंडा लावायच्या उत्तम जागा होत्या, बंकरच्या मागे लपलेल्या. हे डोळ्यांनी तपासता येतं. ग्रीनच्या कडेवर उभे राहून बाहेर चाला. भराव घालून उचललेला सपाट ओटा कापलेल्या गवताबरोबर संपतो, की पुढे आठ-दहा फूट तसाच जाऊन मग उतरतो? ओटा जिथे मोडतो तिथे बहुतेक वेळा जुनी कड असते. शंका असेल तर निगा राखणारे लोक मातीत नळी खुपसून नमुना काढतात. ग्रीनवर वर्षानुवर्षं टाकलेल्या वाळूचे थर त्यात दिसतात, आणि ते थर जिथे संपतात तिथपर्यंत ग्रीन होतं. मागाहून बंकर ग्रीनपासून दूर का वाटतो, याचंही उत्तर बऱ्याचदा हेच असतं. बंकर होता तिथेच आहे, ग्रीन आक्रसलं.

तिसरं, वाळू. बंकरमधून मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर मूठभर वाळू उडून ग्रीनच्या कडेवर पडते. दशकांनंतर तिथे उंचवटा तयार होतो, पाण्याची वाट बदलते, चेंडू जिथे बंकरकडे ओढला जायचा तिथे आता अडतो. बंकरच्या काठाशी उकिडवे बसा आणि ग्रीनच्या पातळीत नजर लावा. काठाला फुगवटा दिसला तर तो रचनाकाराचा नाही.

पायरी ४: कुठल्या वर्षाचा कोर्स?

‘आम्ही मूळ कोर्स परत आणला’ असं कुणी म्हटलं की विचारा, कुठल्या सालचा? उद्घाटनाच्या दिवशीचा कोर्स आणि त्याच माणसाने पंधरा वर्षं हात फिरवल्यानंतरचा कोर्स, हे दोन वेगळे असतात. रॉस पाइनहर्स्टला राहायचे आणि तिथला क्रमांक दोनचा कोर्स १९०७ पासून १९४८ साली मरेपर्यंत घडवत राहिले. तिथे १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्रीन वाळूचे होते, हिरवळीचे नव्हतेच. म्हणून उद्घाटनाचं साल धरून बसणं तिथे व्यर्थ. २०१०-११ मध्ये तो कोर्स परत आणताना रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आधार घेतला १९४३ च्या हवाई छायाचित्रांचा. शिवाय जमिनीत सापडली पाण्याची जुनी पाइपलाइन, फेअरवेच्या मधोमध एकच रांग. तिचे फवारे जिथवर पोहोचायचे तिथवर हिरवं, पलीकडे वाळू आणि रानगवत. कड कुठे होती ते पाइपानेच सांगितलं. मग पस्तीसेक एकरांवरचं हिरवं गवत उपटून तिथे पुन्हा वाळू आणि वायरग्रास हे रानगवत आणलं. लांब रफ जवळजवळ नाहीसा झाला. त्या वाळूत चेंडू गेला तर कधी सरळ मारता येतो, कधी झुडपाला टेकून बसतो. नशीब आणि हिकमत दोन्ही परत आली. २०१४ साली पुरुष आणि महिला, दोन्ही यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत त्यावर झाल्या, आणि तो दोघांनाही पुरला.

पुरावा कुठे शोधायचा? अमेरिकेत १९३० च्या दशकापासूनची सरकारी हवाई छायाचित्रं मिळतात. ब्रिटनमध्ये एअरोफिल्म्स कंपनीचा १९१९ पासूनचा संग्रह आहे. रॉसचे आराखडे पाइनहर्स्टच्या टफ्ट्स आर्काइव्हमध्ये आहेत. क्लबच्या जुन्या सभांची इतिवृत्तं कंटाळवाणी असतात, पण ‘सातव्यावरचा बंकर बुजवावा, देखभालीचा खर्च फार’ असं एक वाक्य दहा छायाचित्रांचं काम करतं. एक सावधगिरी मात्र हवीच. आराखडा म्हणजे बांधलेला कोर्स नव्हे. रॉसच्या नावावर सुमारे चारशे कोर्स आहेत आणि त्यातल्या कित्येकांवर त्यांचं पाऊलही पडलं नाही. नकाशावरून रेखाटन करून पाठवलं, जागेवरच्या मुकादमाने जमेल तसं बांधलं. आराखड्यात बंकर आहे आणि १९३०च्या चित्रात नाही, तर तो कदाचित कधी खोदलाच गेला नसेल.

काही ठिकाणी मागे जाणं शक्यच नसतं. ऑगस्टा नॅशनलमध्ये मॅकेन्झींचा कोर्स शोधायला जाल तर धागे तुटलेले दिसतील. ते जानेवारी १९३४ मध्ये वारले, पहिली स्पर्धा व्हायच्या आधी. त्या स्पर्धेनंतर पहिले नऊ आणि शेवटचे नऊ होल अदलाबदल झाले. दहाव्याचं ग्रीन १९३७ साली पेरी मॅक्सवेल यांनी मागे चढावर नेलं. सोळावा होल १९४७ साली ट्रेंट जोन्स यांनी तळ्याभोवती नव्याने रचला. आजही दहाव्याच्या फेअरवेत ग्रीनच्या बरंच अलीकडे एक अवाढव्य, लाटांसारख्या कडांचा बंकर पडून आहे, जवळजवळ कुणाच्याच वाटेत न येणारा. नवखा विचारतो, हा इथे कशाला? तो ग्रीनचा राखणदार होता. ग्रीन उठून गेलं, राखणदार राहिला. दिसायला तो सुंदरच आहे, पण आता तो देखावा आहे, खेळ नाही. दहावा होल मात्र ग्रीन हलवल्याने निर्विवाद सुधारला. म्हणजे ‘मूळचं तेच चांगलं’ हाही नियम धरून चालत नाही.

पायरी ५: कामाचा प्रकार ठरवा, मगच गुण द्या

रिस्टोरेशन म्हणजे जुना कोर्स होता तसा परत आणणं. त्याला इतिहासाच्या कसोटीवर घासायचं. रिनोव्हेशनमध्ये पाण्याचा निचरा, माती, बंकरची वाळू बदलतात. त्याला उपयोगाची कसोटी लावा. रीडिझाइनचा, म्हणजे होलच नव्याने रचण्याचा, प्रश्न निराळा: नवं आणलेलं जुन्याच्या बोलीत बोलतं का? रॉयल पोर्ट्रश हा कोल्टचा कोर्स. २०१९ साली तिथे १९५१ नंतर पहिल्यांदा ब्रिटिश ओपन झाली. सपाट जमिनीवरचे जुने सतरावा आणि अठरावा, म्हणजे कोर्समधले सगळ्यांत फिके होल, गाळले, आणि शेजारच्या व्हॅली कोर्सच्या वाळूच्या टेकड्यांत मार्टिन एबर्ट यांनी नवे सातवा आणि आठवा बांधले. अनोळखी माणसाला ते नवे म्हणून ओळखता येणार नाहीत. याउलट न्यूयॉर्क राज्यातल्या ओक हिलवर १९७०च्या दशकात फाझिओ या रचनाकारांनी बदललेले होल रॉसच्या कोर्सात परक्यासारखे दिसायचे. अँड्र्यू ग्रीन यांनी २०२०पर्यंत पाचवा, सहावा आणि पंधरावा पुन्हा केले, पंधराव्याचं तळं बुजवलं, आणि २०२३च्या पीजीए चॅम्पियनशिपला कोर्स एका हाताचा वाटला.

इथे माझी एक कुरकूर. हल्ली फाटक्या, केसाळ कडांचे बंकर सगळीकडे उगवतात. मॅकेन्झींच्या कोर्सवर ते शोभतात. रॉसचे बंकर पुष्कळदा साधे असायचे, तळाशी सपाट वाळू आणि समोर गवताची भिंत. मॅकडोनल्डच्या शाळेतले तर ताठ, भूमितीच्या आकृतीसारखे. काम झाल्यावर तिघांचेही कोर्स सारखेच दिसायला लागले, तर ते रिस्टोरेशन नाही, फॅशन आहे.

पायरी ६: ग्रीनचा वेग विचारा

एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ च्या यूएस ओपननंतर चेंडूची घरंगळ मोजायला एक उतरती पट्टी बनवली. यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात ती सुधारून वापरात आणली. पट्टीवरून सुटलेला चेंडू सपाट ग्रीनवर जितके फूट जातो, तो ग्रीनचा वेग. त्या काळी साडेसहा फूट हा नेहमीचा वेग होता. आज स्पर्धेत बारा आणि पुढे जातो. जुनी ग्रीन सहा-सात फुटांसाठी उतरती केलेली होती. बाराच्या वेगाला त्याच उतारावर चेंडू थांबत नाही, म्हणून समिती म्हणते उतार कमी करा. क्लबमधला वेग विचारा, आणि शंभर वर्षांचा उतार सपाट करण्याआधी गवत थोडं वाढवून पाहिलं होतं का, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी नाही असंच उत्तर मिळेल. एखाद-दुसऱ्या झेंड्याच्या जागेसाठी कोपरा जरा हलका केला तर मी हरकत घेणार नाही. सगळ्या ग्रीनवर एकसारखा दोन टक्के उतार करणं म्हणजे कोर्सची स्मरणशक्ती पुसणं.

पायरी ७: लांबी शेवटी

लांबीचा आकडा सगळे आधी विचारतात, तुम्ही शेवटी विचारा. मेरियनचा ईस्ट कोर्स २०१३च्या यूएस ओपनला सात हजार यार्डांच्याही आत होता, आणि जस्टिन रोज जिंकला तो एक ओव्हर पारने. टी मागे नेली असेल तर एवढंच पाहा: मागच्या ग्रीनवरून तिथे जायला किती चालावं लागतं, आणि तिथून जुना बंकर पुन्हा वाटेत येतो का. येत असेल तर बदल सार्थ. रोड होलची टी २०१० साली चाळीसेक यार्ड मागे गेली ती याच हेतूने, हॉटेलचा कोपरा पुन्हा धाक देऊ लागावा म्हणून. नुसते यार्ड वाढवायचे म्हणून वाढवले असतील तर कोर्स लांब झाला, चांगला झाला नाही.

मग पुढच्या टीवर जा, जिथून ज्येष्ठ आणि कमी अंतर मारणारे खेळतात. तिथूनही डावं-उजवं निवडायला मिळतं का? चेंडू जमिनीवरून पळवत ग्रीनवर नेता येतो की समोर आडवा बंकर सगळं बंद करतो? मॅकेन्झींनी १९२०मध्ये आदर्श कोर्सची तेरा तत्त्वं मांडली होती. चेंडू शोधत बसायची पाळी येऊ नये, कोर्स दुबळ्या खेळाडूलाही आनंद देणारा असावा, ही त्यातलीच.

कधी जायचं? गवत सुप्त असताना, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात. बुजवलेले बंकर, जुन्या फेअरवेच्या कडा, हरवलेले ग्रीनचे कोपरे तेव्हा सावल्यांनी उमटतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. काम नुकतंच झालेलं असेल तर झाडं, फेअरवेची रुंदी आणि बंकरच्या जागा यांवर मत पहिल्याच दिवशी देता येतं. नव्याने बांधलेल्या ग्रीनवर मात्र थांबा. मुळं-पात्यांचा थर अजून जमलेला नसल्यामुळे चेंडू दगडावर आपटल्यासारखा उसळतो, आणि चांगली ग्रीनही पहिल्या मोसमात अन्यायकारक वाटतात. त्यांचा निकाल दोन-तीन मोसम गेल्यावर लावा.